कूलिंग पॅडच्या आधी आतली रुई काढा : जठारपेठेतल्या लॅपटॉप-दुरुस्तीचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारणं मागून. तुमचा लॅपटॉप दोन-तीन वर्षं जुना असेल, पंखा सतत घोंगावत असेल आणि की-बोर्डच्या वरची पट्टी बोटांना चटका देत असेल, तर बाजारातून कूलिंग पॅड (लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा पाट) आणायच्या आधी तो एखाद्या जाणत्या माणसाकडून उघडून साफ करून घ्या आणि आतली, प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारी पेस्ट बदलून घ्या. अकोल्यात जठारपेठेत हे काम नीट करणारं एक लहान दुकान आहे. मी माझा लॅपटॉप तिथे दिला, समोर बसून सगळं काम पाहिलं आणि आधीचं-नंतरचं तापमान स्वतः मोजलं. खर्च ६५० रुपये. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा का कापला ते पुढे येईलच.

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुकानाचे मालक, मी त्यांना भाऊ म्हणते, एकटेच काम करतात. परीक्षण लिहू का असं विचारलं तर म्हणाले, "ताई, काम कसं केलं ते लिहा, नाव नका टाकू. एकटा माणूस हाय मी, गर्दी झाली तं कामाची वाट लागते." त्यांचं म्हणणं मला पटलं. तसंही तुम्ही यवतमाळला असा नाहीतर परभणीला, तुमच्या उपयोगाची गोष्ट हे काम कसं व्हायला हवं हीच आहे.

मी हिशेबाचं काम करते. दोन जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, बाजार समितीतल्या काही अडती आणि दोन-चार किराणा दुकानं यांची खाती माझ्याकडे आहेत. टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल, बँकांची स्टेटमेंट्स हा माझा रोजचा संसार. लॅपटॉप अकराव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा आहे, साधा ऑफिसच्या कामाचा. त्यावर कोणी गेम खेळत नाही, व्हिडिओ एडिट करत नाही. तरीही तो तापायचा, आणि आमच्याकडे असा तापणारा लॅपटॉप घराघरांत आहे. याची दोन कारणं इथलीच आहेत.

पहिलं ऊन. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जाणं ही बातमी राहिलेली नाही. कूलर लावला तरी दुपारी खोली ३३-३४ अंशांखाली उतरत नाही. आता लॅपटॉपचा पंखा काय करतो? खोलीतलीच हवा आत ओढतो आणि तीच तापवून बाहेर फेकतो. त्यामुळे लॅपटॉपच्या आतलं तापमान खोलीपेक्षा खाली जाऊच शकत नाही. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. अ‍ॅपल आपल्या मॅकबुकसाठी १० ते ३५ अंशांची हवा योग्य मानते, बाकीच्या बऱ्याच कंपन्याही ३५ च्याच आसपास थांबतात. म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्यात आपण मुळातच कडेवर उभे असतो. पुण्यात बसून लिहिलेले सल्ले इथे अर्धेच लागू पडतात.

दुसरं कारण कापूस. दिवाळीनंतर जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढणं, सुरू झालं की कारखान्याच्या ऑफिसात रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. टेबल पुसलं तरी तासाभरात पांढरी साय धरते. रजिस्टरच्या पानांत, चहाच्या कपात, माणसांच्या भुवयांवर, सगळीकडे रुई. लॅपटॉपचा पंखा तीच हवा दिवसभर आत ओढतो. साधी धूळ जाळीतून निम्मी तरी बाहेर पडते. तंतू अडकतात, एकमेकांत गुंततात आणि हळूहळू त्यांचं कापड होतं.

यंदा मार्चअखेर हे सगळं माझ्या डोक्यावर आलं. खरेदीचं रजिस्टर आणि पोर्टलवरून उतरवलेलं जीएसटीआर-टू-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) ताडून बघायची माझी एक मोठी एक्सेल फाइल आहे, तिच्यात सूत्रं भरपूर आहेत. फाइल उघडली की पंखा किंचाळायचा, मग स्क्रीनवरचं गोल चक्र फिरत राहायचं. शंका आली म्हणून एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचं तापमान ते दाखवतं. शिवाय उष्णतेमुळे प्रोसेसरने स्वतःचा वेग आवरता घेतला आहे का, हेही हो-नाही असं सांगतं. माझ्याकडे सरळ 'हो' होतं, लाल अक्षरांत. काही काम नसताना ६२ अंश. ती फाइल चालवली की ९८. आणि मुळात २.४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर १.३ वर येऊन रांगत होता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप-प्रोसेसरांची वरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला म्हणून प्रोसेसर जळत नाही. तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि त्याच्याही पुढे गेलं तर मशीन बंद पडतं. म्हणून तापलेला लॅपटॉप बऱ्याच लोकांना 'जुना झालेला' किंवा 'व्हायरस आलेला' वाटतो. रॅम वाढवून घेतात, विंडोज नव्याने टाकून घेतात, एखादा तर नवाच लॅपटॉप घेऊन येतो. माझ्या एका अडत्या पक्षकाराला एका दुकानात अगदी हेच सांगितलं गेलं होतं की मशीन संपलं, नवीन घ्या. तो लॅपटॉप आज त्यांच्या पेढीवर व्यवस्थित चालतो आहे. म्हणून कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी तापमान बघा. त्याला पैसे पडत नाहीत.

आता दुकानाबद्दल. जागा अगदी लहान आहे. काउंटर, त्यामागे एक टेबल, टेबलावर भिंगाचा दिवा, आणि गिऱ्हाइकासाठी एकच स्टूल. भाऊंनी लॅपटॉप हातात घेतल्यावर चार्जर जोडायच्या आधी विचारलं, "वॉरंटी हाय का अजून?" असती तर आधी कंपनीच्या सेंटरला जा, मी उघडला तर तुमचं नुकसान, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. माझी वॉरंटी संपली होती. मग त्यांनी पाठची जाळी कानाशी धरली, मशीन सुरू करून पंख्याचा आवाज ऐकला, बाहेर येणाऱ्या हवेसमोर तळहात धरला. "पंख्याचा काही दोष नाही ताई, त्याले वाटच नाही भेटून राह्यली." माझाही तळहात तिथे धरायला लावला. पंखा पूर्ण वेगात होता आणि हवा जेमतेम लागत होती.

ही चाचणी कोणीही घरी करू शकतो. पंखा जोरात आणि बाहेर येणारी हवा क्षीण असेल, तर अडथळा आत आहे. पंखा जोरात, हवाही जोरात पण कोमट असेल आणि तरी प्रोसेसर ९० च्या वर असेल, तर उष्णता प्रोसेसरकडून तांब्यापर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे पेस्ट वाळली आहे. भाऊंनी मला हे इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं की मी ते तिथेच वहीत उतरवून घेतलं.

रचना थोडक्यात अशी आहे. प्रोसेसरची चिप उघडीच असते, डेस्कटॉपला असतं तसं तिच्यावर धातूचं झाकण नसतं. चिपवर पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी. पट्टीला जोडलेली चपटी तांब्याची नळी. ही नळी भरीव नसते. आत अगदी थोडं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परत येतं. दुसऱ्या टोकाला धातूच्या पातळ पात्यांची दाट रांग असते, पात्यांमधली फट जेमतेम मिलिमीटरभर. पंखा त्या फटींतून हवा ढकलतो आणि उष्णता बाहेर जाते. या साखळीतली एक कडी तुटली तरी बाकीच्या सगळ्यांचं काम वाया.

भाऊंनी पाठचं झाकण काढलं आणि सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं. तुम्ही कुठेही लॅपटॉप उघडायला दिलात तर हे एक जरूर बघा. बॅटरी जोडलेली ठेवून आत स्क्रू-ड्रायव्हर चालवणाऱ्या माणसाकडे काम देऊ नका. स्क्रू त्यांनी चुंबकाच्या पाटीवर, निघाले त्याच क्रमाने आणि त्याच जागी मांडले, कारण बिजागरीजवळचे स्क्रू लांब असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो बोर्डाला किंवा वरच्या बाजूला भोक पाडतो.

पंखा बाहेरून बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता. मला वाटलं, इथे तर काहीच नाही. त्यांनी पंख्याचे स्क्रू काढून तो उचलला आणि पंखा व पात्यांची रांग यांच्या मधली जागा दाखवली. तिथे पात्यांच्या पूर्ण रुंदीवर राखाडी पट्टा बसला होता. चिमट्याने एका टोकाला धरून ओढला तर अख्खा एकसंध निघाला, जाड गंजीफ्रॉकच्या कापडासारखा. पूर्ण मोसमाची रुई होती ती.

या परीक्षणात मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते हेच. मळ बसतो तो पंखा आणि पाती यांच्या मध्ये, आतल्या बाजूला. बाहेरच्या जाळीतून तो दिसत नाही. त्यामुळे बाहेरून ब्लोअर मारून 'सर्व्हिसिंग' केल्याचे दोनशे-तीनशे रुपये घेणारी दुकानं असतात, तिथे हा पट्टा जागचा हलतही नाही. उलट हवा बाहेरून आत गेली तर तो सुटून पंख्याच्या पात्यांत येतो आणि मग खरखर सुरू होते. साध्या धुळीच्या घरात ब्लोअरने थोडाफार फरक पडेल. कापूस, पीठगिरणी, सुतारकाम, घरात मांजर, यापैकी काही असेल तर पंखा काढल्याशिवाय सफाई झाली असं समजू नका.

ब्लोअर त्यांनीही वापरला, पण पंखा बोटाने घट्ट धरून. मोकळा सोडला तर जोराच्या हवेने तो त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. पाती मऊ ब्रशने झाडली, उजेडासमोर धरून प्रत्येक फट आरपार दिसते का ते पाहिलं. एका कोपऱ्यात चार-पाच फटी बंद होत्या, तिथे परत ब्रश. घाई अजिबात नव्हती. मागे एक गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, तरीही नाही.

तांब्याची पट्टी उचलली तेव्हा जुनी पेस्ट वाळून भुकटी झालेली दिसली. चिपच्या मध्यभागी तर ती जवळजवळ नव्हतीच, कडेला सरकलेली. चिप तापते-निवते तशी पेस्ट हळूहळू बाहेर ढकलली जाते, आणि लॅपटॉपच्या उघड्या चिपवर हे जास्त होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे स्वच्छ होईपर्यंत पुसले. नवी पेस्ट आर्क्टिक कंपनीची एमएक्स-४ होती. पेस्टची ट्यूब माझ्यासमोर पेटीतून काढली. या पेस्टमध्ये धातूचे कण नसतात, वीज वाहत नाही, त्यामुळे थोडी इकडेतिकडे लागली तरी शॉर्ट होण्याची भीती नाही. ऑफिसच्या मशीनला ही पुरेशी आहे. बाजारात याहून महाग पर्याय आहेत. हनीवेलचं पीटीएम-७९५० हे पेस्ट नसून पातळ पान असतं, ते साधारण ४५ अंशांना मऊ होऊन चिपवर पसरतं आणि सहसा बाहेर ढकललं जात नाही. गेमिंगवाल्यांमध्ये त्याचं बरंच नाव आहे. भाऊंकडे ते नाही. मी विचारलं तर म्हणाले, नकली खूप येतं, खात्रीचं भेटलं की ठेवीन. या उत्तराने माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

चिप उघडी असल्यामुळे पेस्ट त्यांनी पूर्ण चिपभर पातळ पसरवली, एकही कोपरा कोरडा ठेवला नाही. बाजूच्या लहान भागांवर निळसर मऊ पॅड होते, ते शाबूत होते म्हणून तसेच ठेवले. काही ठिकाणी हे पॅड फाटले की त्यांच्या जागी पेस्टच लावून मोकळे होतात. ते चूक आहे. पॅड जाडीने फट भरतो, पेस्ट ती भरू शकत नाही. पट्टी बसवताना तिच्यावर छापलेल्या १, २, ३, ४ या आकड्यांच्या क्रमाने स्क्रू आवळले, प्रत्येक थोडा थोडा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा येतो.

मग मशीन सुरू करून माझीच ती एक्सेल फाइल चालवायला लावली. "तुमचं काम ज्याच्यावर अडते त्याच्यावरच पाहा," हे त्यांचं वाक्य. घरी येऊन मी परत मोजलं, भिंतीवरच्या थर्मामीटरवर खोली आधीसारखीच ३३ अंशांच्या आसपास असताना. रिकामं मशीन ४८. फाइल चालू असताना सर्वांत जास्त ७९. वेग ३ गिगाहर्ट्‌झच्या वर टिकून, कारण थंड प्रोसेसर मूळ वेगाच्याही वर जाऊ शकतो. १९ अंशांचा फरक, आणि पंख्याचा आवाज इतका उतरला की सासूबाईंनी विचारलं, नवीन घेतला का गं?

आता अर्धा तारा. फोन उचलत नाहीत. हातात काम असलं की अजिबातच नाही, त्यामुळे जाऊनच बघावं लागतं. बसायला एक स्टूल, तेही कोणी आधी आलं असेल तर नाही. कामाची लेखी हमी मिळत नाही. तोंडी सांगतात की महिनाभरात परत तापला तर घेऊन या, आणि मला वाटतं ते शब्द पाळतील, पण हिशेबाचं काम करणाऱ्या माणसाला कागद हवा असतो. जीएसटीचं बिल मिळणार नाही, कारण त्यांची नोंदणी नाही. सेवा देणाऱ्या लहान व्यावसायिकाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत ती घ्यावी लागत नाही, त्यामुळे यात वावगं काही नाही. हाताने लिहिलेली पावती मिळते, धंद्याचा खर्च म्हणून वहीत टाकायला ती चालते. पैसे यूपीआयने दिले.

कूलिंग पॅडबद्दल लिहायलाच हवं, कारण लोक आधी तिकडेच वळतात. माझ्या भाच्याकडे खाली पाच पंखे आणि निळे दिवे असलेला एक पॅड आहे, बाराशेच्या आसपासचा. सफाईच्या आधी आणि नंतरही मी तो लावून बघितला. आधी तापमान ९८ वरून ९४-९५ झालं, म्हणजे वेग आवरता घेणं चालूच राहिलं. सफाईनंतर पॅडने आणखी दोन-तीन अंश उतरले. पॅड निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ज्या लॅपटॉपला खालून मोठ्या जाळ्या आहेत आणि ज्यावर तासन्‌तास जड काम चालतं, त्याला उपयोग होईल. पण पॅडचे पंखे नेमके जाळीखाली आले तरच. माझ्या मशीनची जाळी मागच्या कडेला आहे आणि पॅडचा मोठा पंखा मधोमध, म्हणजे त्याची हवा प्लास्टिकच्या तळावर आपटून बाजूला जाते. शिवाय एक यूएसबी पोर्ट अडतो, आवाज वाढतो, आणि जिनिंगच्या ऑफिसात तर तो टेबलावरची रुई अधिक जोमाने आत ढकलतो. मला तो नको.

त्याऐवजी सहाशे रुपयांचा घडीचा अ‍ॅल्युमिनियमचा स्टँड घेतला आहे. मागची बाजू तीन इंच उचलली जाते, खालून हवा मोकळी मिळते. नुसत्या टेबलापेक्षा तापमान दोन-तीन अंश कमी राहतं, म्हणजे पॅडइतकंच. वीज नाही, आवाज नाही. फक्त की-बोर्ड तिरका होतो, म्हणून जास्त टायपिंग असेल तर वेगळा की-बोर्ड जोडावा लागतो. मी जोडते, आकडे टाकायला तसाही तो बरा पडतो.

अडत्यांकडे मात्र स्टँड चालत नाही. तिथे बैठक गादीवर, लोडाला टेकून. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची जाळी पूर्ण बंद. मी त्यांच्या प्रत्येकाकडे स्वयंपाकघरातला लाकडी पाट मागवून घेतला आणि तो गादीवर ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवायला लावला. बिनखर्चाचा हा उपाय महागड्या पॅडला भारी पडतो. घरी पलंगावर बसून काम करणाऱ्यांनाही हेच सांगेन. मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप हा प्रकार मुलांना बघितला की मला राहवत नाही.

कूलरबद्दलही. इकडे कूलरशिवाय उन्हाळा नाही, आणि लॅपटॉपही त्याच्याच समोर ठेवण्याचा मोह होतो. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. कूलरच्या ओल्या ताट्या जुन्या झाल्या किंवा पंप जोरात असला की हवेबरोबर बारीक थेंब येतात, आणि आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते थेंब आत जाऊन वाळले की बोर्डावर पांढरे डाग राहतात. भाऊंनी असा एक बोर्ड दाखवला, त्यावर हिरवट बुरशीसारखा थर धरला होता. लॅपटॉप झोताच्या बाजूला ठेवा, आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर जाते. मृग लागला, हवेत ओल आली की कूलर थंडावा देत नाही, फक्त दमटपणा वाढवतो. तेव्हा साधा पंखा बरा.

सेटिंगमधली एक गोष्ट मी भाऊंकडून शिकले आणि आता सगळ्या पक्षकारांकडे करून देते. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे प्रोसेसरची कमाल अवस्था १०० टक्के असते. ती ९९ केली की इंटेलच्या प्रोसेसरांचा टर्बो बंद होतो. टर्बो म्हणजे थोड्या वेळासाठी वेग खूप वाढवणं, आणि सगळ्यांत जास्त उष्णता तिथेच होते. माझ्याकडे टर्बो बंद केल्यावर तीच फाइल ७९ ऐवजी ६६ अंशांवर चालते. गणित पुरं व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, टॅलीत तर फरक जाणवतसुद्धा नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी मी टर्बो बंद ठेवते, दिवाळीत परत चालू. काही लॅपटॉपांत हा पर्याय दिसत नाही. तिथे पॉवर मोडमध्ये वीज वाचवणारा पर्याय निवडला तरी बराच फरक पडतो. अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅनही बघा. माझ्याकडे ते भर दुपारी एकला लागलेलं होतं, आता रात्री.

बॅटरीकडेही लक्ष असू द्या. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही, त्यातही पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आली तर ती लवकर थकते. कायम चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. आणि उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका, अगदी बँकेत जाऊन येण्यापुरताही नाही. टचपॅड वर उचललेला वाटला किंवा तळ फुगीर दिसला, तर ती बॅटरी फुगली आहे. वापर तिथेच थांबवून दुकान गाठा. चार्जर लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न तर मुळीच नको.

भाच्याचा गेमिंगचा लॅपटॉपही मी भाऊंकडे नेला होता. त्यात कंपनीने पेस्टच्या जागी लिक्विड मेटल (द्रवरूप धातू) घातलेलं आहे. भाऊंनी पंखे काढून साफ करून दिले, पण तांब्याची पट्टी उचलायला नकार दिला. लिक्विड मेटलमध्ये गॅलियम असतं, ते वीज वाहतं आणि अ‍ॅल्युमिनियमला खातं. एक थेंब बोर्डावर गेला तर मशीन गेलं. "हे माह्या हातचं काम नाही, कंपनीत न्या," म्हणाले, आणि फक्त सफाईचे ३०० रुपये घेतले. भाच्याचा चेहरा पडला. मला मात्र तो नकार आवडला.

जाणार असाल तर मार्च टाळा. सगळ्या अकोल्याचे लॅपटॉप तेव्हाच बंद पडतात आणि भाऊंच्या टेबलावर थप्पी लागलेली असते. ज्यांचं काम जिनिंगशी, पिठाच्या गिरणीशी किंवा बाजार समितीशी आहे त्यांनी मोसम संपल्यावर, एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, जीएसटीचं विवरणपत्र भरायची २० तारीख उलटली की द्यावा. सकाळी अकराच्या आत गेलात तर दुपारपर्यंत हातात मिळतो. डेटाचा बॅकअप आधी घ्या, चार्जर सोबत न्या, आणि समोर बसून काम बघायचं असेल तर आल्या आल्या तसं सांगा. ते नाही म्हणत नाहीत.